मागे राहिलेली १६० पानं

पत्र असं आहे (थोडं कापलंय, ताई, रागावू नका) :

"मी ६१ वर्षांची निवृत्त नर्स. माहेर ठाण्याचं, लग्नानंतर इस्राएलात अश्दोदला. ५ जानेवारी २०२० ला दाफ योमीची नवी फेरी सुरू झाली तेव्हा मीही रोज तालमूदचं एक पान वाचायला घेतलं. नवरा म्हणाला, पंधरा दिवस टिकशील. मी पावणेपाच वर्षं टिकले. मग ठाण्याला आई अंथरुणाला खिळली. मी गेले, ती गेली, सगळं आवरून परत आले, तर पुस्तक उघडवेना. बाबा बत्राचा शेवट आणि सन्हेद्रीनचा बराचसा भाग मिळून १६० पानं राहिली. तेव्हापासून आजचं एक आणि जुनं एक असं धरलंय, पण आठवड्यातून तीनदा दोन्ही हुकतात. वाचलेलं डोक्यात राहत नाही. परवा नातवानं विचारलं, काल काय शिकलीस? मला एक ओळ सांगता आली नाही. आमच्या सिनेगॉगमधले एक गृहस्थ म्हणाले, बायकांना याची गरजच काय. त्याचं सोडा. पण किद्दुशीनमधली कुळांची पानं वाचताना आपल्या लोकांचं १९६२ आठवलं आणि फार लागलं. त्यात नवरा रोज एकच म्हणतो : आपल्या पूर्वजांना शेमाची एक प्रार्थना तेवढी पाठ होती, त्यावर दोन हजार वर्षं निघाली, तुला २७११ पानं कशाला? खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नाही. सोडून देऊ का?
— मागे पडलेली, अश्दोद"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे तुम्ही निवांत पुढचं वाचाल. सोडू नका. पण ती १६० पानं मात्र आजच सोडा.

आता बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगणं भाग आहे, कारण हे सदर वाचणारे सगळेच बेने इस्राएल, म्हणजे आपल्यासारखे कोकणातले मराठी ज्यू, नाहीत. तालमूद म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांचा ग्रंथ : मध्ये मिश्ना, साधारण इ.स. २०० च्या सुमाराला नीट लावलेले नियम, आणि त्याभोवती गेमारा, म्हणजे त्या नियमांवर बाबिलोनच्या रब्बींनी पुढे काही शतकं घातलेला वाद. दाफ म्हणजे पान, दोन्ही बाजू धरून. अशी २७११ पानं, बेराखोत, एरुवीन, किद्दुशीन, बाबा बत्रा अशा वेगवेगळ्या ग्रंथांत विभागलेली. रोज एक घेतलं की सात वर्षं आणि जवळपास पाच महिने लागतात. ही कल्पना रब्बी मेईर शापिरो यांची. १९२३ च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत त्यांनी ती मांडली आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरला, रोश हाशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या दिवशी, पहिली फेरी सुरू झाली. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस गेमारा काखेत मारून आगबोटीनं एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तरी तिथल्या सिनेगॉगमध्ये तेच पान उघडलेलं असावं.

काखेत पुस्तक मारून देश बदलणं ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

मी स्वतः २०१२ च्या ऑगस्टला सुरुवात केली, आधीच्या म्हणजे तेराव्या फेरीत. लोदहून पहाटेच्या बसनं कामाला जायचो. फोनवर पाऊण तासाचा धडा, मांडीवर पुस्तक. हिब्रू मला बोलण्यापुरती बरी येते. गेमाराची अरामी म्हणजे मालवणी ऐकणाऱ्या नागपूरकरासारखी अवस्था. शब्द ओळखीचे वाटतात आणि अर्थ हातातून निसटतो. रब्बी स्टाइनसाल्ट्झ यांची आवृत्ती नसती तर मी तिसऱ्या पानावर थांबलो असतो. त्या गृहस्थांनी १९६५ ते २०१० एवढा काळ घालून संपूर्ण तालमूदला आजच्या हिब्रूत वाट करून दिली. एरुवीनमध्ये बोळ, अंगणं आणि खांबांची मापं सुरू झाली तेव्हा मी अकरा दिवस नुसते डोळे फिरवले. नजीरमध्ये तीन आठवडे चुकवले. हिशेब केला तेव्हा २००च्या वर पानं गळली होती. तरी २०२० च्या जानेवारीत सियूमच्या, म्हणजे समारोपाच्या दिवशी मीही इतरांबरोबर उभा राहिलो, आणि कुणी माझं हजेरीपुस्तक तपासलं नाही.

तुमच्या थकबाकीबद्दल. तुम्ही नर्स होतात. रात्रपाळीला तुम्ही उशिरा पोहोचलात, तर आधीच्या पाळीतले पेशंट पुन्हा पहिल्यापासून तपासत बसायचात की समोरच्या पेशंटकडे जायचात? रोजचं पान ही लोकल आहे. सुटली ती सुटली, पुढची पकडायची. गेलेल्या गाडीमागे रुळावरून धावणाऱ्याला ठाणेकर काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

पण खरी गोम वेगळी आहे, आणि ती तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही म्हणता जुनी पानं राहिली, आणि म्हणता वाचलेलं राहत नाही. मला ही एकच तक्रार वाटते. एरुवीनच्या ५४ व्या पानावर रब्बी परेदांची गोष्ट आहे, तुम्ही वाचलेली असणार. त्यांचा एक विद्यार्थी होता, त्याला प्रत्येक धडा चारशे वेळा सांगावा लागायचा, तेव्हा कुठे कळायचा. एके दिवशी गुरुजींना कुठल्याशा धर्मकार्याला बोलावणं आलं. त्या दिवशीही त्यांनी चारशे वेळा सांगितलं, पण पोराला काही येईना. विचारलं, आज काय झालं रे? तो म्हणाला, तुम्हाला बोलावणं आल्यापासून माझं चित्तच ठिकाणावर नाही. सारखं वाटतंय, गुरुजी आता उठतील, आता उठतील. परेदा म्हणाले, लक्ष दे, मी शिकवतो. आणि पुन्हा चारशे वेळा शिकवलं.

या गोष्टीचं कौतुक होतं ते गुरुजींच्या धीराचं. माझी नजर मात्र त्या पोरावर अडते. तो ढ होता म्हणून त्या दिवशी अडला नाही. ढ तर तो रोजच होता, आणि रोज चारशेव्या वेळेला त्याला कळत होतं. त्या दिवशी त्याचं अर्धं मन दाराकडे होतं. तुमचं अर्धं मन त्या १६० पानांकडे आहे. आजचं पान वाचताना तुम्ही कालचं देणं मोजत असता. मग आत काय शिरणार?

म्हणून आता माझी वही सांगतो. शाळेची शंभर पानी रेघांची वही, असल्या सात वह्या झाल्यात. नियम एकच, रोज एक ओळ, आणि ती मराठीत. हिब्रूत लिहायला गेलं की मी पुस्तकातलंच वाक्य उतरवतो. मराठीत लिहायचं म्हटलं की आधी समजून घ्यावं लागतं. काही नोंदी जशाच्या तशा देतो :

बाबा बत्रा २ : सामाईक अंगणात भिंत घालायची, विटा कुणाच्या? अलिबाग कोर्टात असे दहा दावे मिळतील.

योमा ३४ : दारफाळणीच्या सणाला (योम किप्पूर) दुपारी कोहेन गादोलच्या (मुख्य पुरोहिताच्या) अंगावर हिंदी कापड. सकाळचं मिसरचं.

एरुवीन, पान लिहायचं विसरलो : डोकं दुखलं.

शब्बाथ २६ : तिळाचं तेल चालतं. पणजोबा पास.

शेवटची नोंद उलगडून सांगतो, कारण हे पान माझं सगळ्यात लाडकं. शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा दिवा कुठल्या तेलानं लावावा, असा वाद आहे. रब्बी तरफोन म्हणतात, फक्त ऑलिव्हच्या. त्यावर रब्बी योहानान बेन नूरी उठून उभे राहिले. गेमारा मुद्दाम सांगते, पायावर उभे राहिले. मग बाबिलोनच्या लोकांनी काय करायचं, त्यांच्याकडे तिळाखेरीज तेल नाही? मेदियाच्या लोकांनी काय करायचं, त्यांच्याकडे अक्रोडाचंच आहे? अलेक्झांड्रियावाल्यांकडे मुळ्याच्या बियांचंच आहे, त्यांनी काय करायचं? कोकणात आपल्याला शतकानुशतकं शनिवार तेली म्हणायचे. घाणा चालवणारे, शनिवारी बैल न जुंपणारे. माझ्या पणजोबांचा रेवदंड्याजवळ घाणा होता. त्या घरात ऑलिव्ह कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मी बसमध्ये ते पान वाचलं आणि लोदच्या दोन थांब्यांइतका वेळ पुढे वाचताच आलं नाही. आपलं नाव कुणी घेतलेलं नाही तिथे, पण लांबच्या देशात हाताला येईल त्या तेलावर दिवा लावणाऱ्यांची बाजू घेऊन एक माणूस उभा राहिलाय.

तर नातवानं विचारलं तर अख्खं पान सांगू नका. एक ओळ सांगा. मुलांना एकच लागते.

आणि जे कळलं नाही त्याचं काय? त्यासाठी गेमाराकडेच शब्द आहे, तेकू. वाद दोन्हीकडून चालून चालून अडला, निकाल लागेना, की लिहितात तेकू. राहू दे. (इथली पोरं फुटबॉलची मॅच बरोबरीत सुटली की हाच शब्द वापरतात, तुम्ही ऐकलाच असेल.) जुनी समजूत अशी की या अडलेल्या प्रश्नांची उत्तरं एलियाहू हानबी, म्हणजे संदेष्टा एलिया, येईल तेव्हा देईल. आता एलियाहू हानबीला आपल्याकडे कुठे बसवायचं हे मी सांगायला नको. ज्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्यावरून गेला म्हणतात, ज्याच्या नावानं आपण पोहे, ओलं खोबरं आणि फळं घालून मलिद्याचं ताट मांडतो, त्याच्यावर थोडं काम टाकायला काय हरकत आहे? वहीत एक पान घ्या, वर लिहा 'बाबा बत्रा आणि सन्हेद्रीन, १६० दाफ', खाली लिहा 'तेकू', आणि पान उलटा.

शिवाय ही पानं कुठे पळून जात नाहीत. एखादा ग्रंथ संपला की हद्रान म्हणतात, तो तुम्ही अनेकदा म्हटला असेल : आम्ही तुझ्याकडे परत येऊ, तू आमच्याकडे परत ये, आम्ही तुला विसरणार नाही, तू आम्हाला विसरू नकोस. पुस्तकाशी माणसासारखं बोलणं, तेही निरोप घेताना. ही फेरी ७ जून २०२७ ला संपते, दुसऱ्या दिवशी नवी सुरू. तुमचा बाबा बत्राचा राहिलेला भाग २०३२ च्या मार्चच्या आसपास पुन्हा दारात येईल. आईच्या उशाशी बसण्यासाठी तुम्ही तो सोडलात, आणि आई-वडिलांना मान द्यायचा तो किती, यावर किद्दुशीनमध्ये पानंच्या पानं आहेत. ती तुम्ही आधीच वाचली होतीत. नंतर नुसतं करून दाखवलंत.

बायकांना गरज काय म्हणणाऱ्या गृहस्थांबद्दल तुम्हीच 'सोडा' म्हटलंत, मीही सोडतो. जेरुसलेमला २०२० च्या ५ जानेवारीला, म्हणजे तुम्ही सुरुवात केलीत त्याच दिवशी, बायकांचा सियूम झाला होता आणि मोठं सभागृह भरलं होतं, एवढं त्यांना कळवा.

किद्दुशीनवर मात्र मला थांबायला हवं.

बाबिलोनहून दहा प्रकारची कुळं वर, म्हणजे इस्राएलच्या भूमीत आली, कोण कोणाशी लग्न करू शकतो, कोण नाही : ६९ व्या पानापासून हे सुरू होतं. १९६२ साली इथल्या मुख्य रब्बी मंडळानं बेने इस्राएलच्या लग्नाआधी मागच्या पिढ्यांची चौकशी करायचे आदेश काढले, तेव्हा त्यामागे हीच पानं होती, आणि गित्तीन, येवामोतची. आपल्या लोकांना घटस्फोटाचे रब्बींचे नियम माहीत नव्हते, मग मागे कुठे काही चुकलं असेल तर, असा संशय. आपले लोक १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला ठिय्या देऊन बसले, शेवटी त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, म्हणजे इथल्या संसदेनं, ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत, आणि आदेशातलं आपलं नाव काढावं लागलं. ज्यांनी हे भोगलं त्यांच्यातले कितीतरी अजून आपल्या आसपास आहेत. त्यांना जाऊन 'हे फार सुंदर पुस्तक आहे' असं मी सांगणार नाही.

मी काय केलं ते सांगतो. ६९ वाचलं आणि पुस्तक मिटलं. तीन दिवस उघडलं नाही. चौथ्या दिवशी चिडूनच उघडलं, ७० वर, आणि तिथे श्मुएल म्हणतो की जो दुसऱ्यांना हिणकस ठरवत सुटतो तो आपल्याच अंगातली खोट त्यांच्यावर लावत असतो. पुढच्याच पानावर, ताई. मी मोठ्यानं हसलो, बसमध्ये. पहिलं पान त्यानं पुसलं जात नाही, दोन्ही तिथेच आहेत, समोरासमोर. त्याच ग्रंथात आधी २२ व्या पानावर राव येहूदा हिंदुआ भेटतो, म्हणजे हिंदी येहूदा, हिंदुस्थानातून आलेला, धर्म स्वीकारलेला, आजारी पडलेला, मागे वारस नसलेला. आणि मार झुत्रा त्याच्या खाटेपाशी समाचाराला येतो. पुढची चर्चा मालमत्तेची आहे, फार हळवी नाही. पण त्याच्या नावाआधी 'राव', म्हणजे रब्बींची पदवी, लावलंय.

लागलं तर लागू द्या. समासात पेन्सिलीनं लिहा, लागलं. छापील पानाकडेच बघा ना : मध्ये मिश्ना आणि गेमारा, शिवणीच्या बाजूला राशी या भाष्यकाराची टीका, बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे त्याच्यानंतरच्यांच्या टिपा. तोसाफोत लिहिणाऱ्यांत राशीचे सख्खे नातू होते आणि ते पानापानाला आजोबांना विचारतात, आजोबा, हे कसं बरोबर? ज्या पानावर नातवांच्या हरकती आजोबांच्या बरोबरीनं छापतात, तिथे ठाण्याच्या एका नर्सच्या हरकतीला समास नक्की पुरेल.

आता तुमचे मिस्टर.

त्यांच्यावर चिडू नका, कारण इतकी वर्षं तुम्हाला ज्याची उणीव आहे ते माणूस घरातच बसलंय. फोनवरच्या धड्याला हरकत घेता येत नाही. बाबा मेत्सियाच्या ८४ व्या पानावर अभ्यासातला जोडीदार रेश लाकिश वारल्यावर रब्बी योहानानना नवा जोडीदार दिला, विद्वान माणूस. योहानान काहीही बोलले की तो म्हणायचा, बरोबर, आपल्या म्हणण्याला अमुक आधार आहे. योहानान वैतागले. म्हणाले, रेश लाकिश माझ्या एकेका वाक्यावर चोवीस हरकती काढायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, त्यातून विषय उलगडायचा. मी बरोबर आहे हे मला ठाऊक नाही काय? तुमच्या घरात रेश लाकिश आहे. सध्या त्याची एकच हरकत आहे, पण ती चांगली आहे : शेमा पुरेसा होता, मग हे कशाला?

आज रात्री जेवण झाल्यावर त्यांच्यासमोर बेराखोत उघडा, पान २. (पान १ नाहीच. जवळपास सगळे ग्रंथ दोनपासून सुरू होतात. त्यांना आवडेल, त्यावरही हरकत घेतील.) पहिली मिश्ना वाचून दाखवा, तीन मिनिटांचं काम आहे. संध्याकाळचा शेमा कधीपासून म्हणायचा? अख्ख्या तालमूदचं हे पहिलं वाक्य. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वर आलेल्या आपल्या माणसांच्या तोंडी जे उरलं होतं म्हणतात, तिथूनच हे पुस्तक बोलायला लागतं. आणि तीच मिश्ना पुढे सांगते : रब्बान गामलिएलची मुलं मेजवानीहून मध्यरात्र उलटल्यावर घरी आली. बापाला म्हणाली, आमचा शेमा राहिला. बाप म्हणाला, उजाडलं नसेल तर अजून म्हणायचाय तुम्हाला.

ते काय म्हणतात ते वहीत लिहा, तारखेसकट. आणि मला कळवा, पुढच्या अंकात छापू. नाव न घालता.